बाजूच्या सीटवरचं काम

गाडीत बसलं की ह्यांच्या हातात स्टिअरिंग, मागे मुलांची भांडणं आणि आपल्या मांडीवर पाण्याची बाटली नि खाऊचा डबा. प्रवासातली आपली जागा ही अशी ठरलेली! ह्यांच्या फोनवर नकाशा चालू, तो समोर अडकवलेला; आणि आपण आपल्या फोनवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघतोय. मीही तेच करत होते, म्हणून सांगते.

गेल्या पावसाळ्यात नणंदेकडचं बारसं आटोपून आम्ही साताऱ्याहून पुण्याला परतत होतो. अंधार पडलेला, वर भुरभुर पाऊस. शिरवळच्या अलीकडे ह्यांनी एकदम गाडी उजवीकडे घेतली. डाव्या बाजूला, भर रस्त्यात, डोक्याएवढे चार-पाच दगड आणि एक सुकलेली फांदी! तुम्हीही पाहिलं असेल, ट्रक बंद पडला की मागच्यांना कळावं म्हणून असे दगड लावून ठेवतात. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड मात्र तिथंच राहतात. “वाचलो बाई!” म्हटलं आणि पुन्हा फोटो बघायला लागले.

पुढे चहाला थांबलो. थोड्या वेळानं मोटारसायकलवरून एक जोडपं आलं. मुलीची ओढणी फाटलेली, कोपराला रुमाल गुंडाळलेला, चेहरा पांढराफटक. त्याच दगडांवर त्यांचं चाक गेलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असेल. मी तिला पाणी दिलं, पण तिच्याकडे बघवेना. त्यांच्याकडे नकाशा चालू होता की नाही, ते मी विचारलं नाही. पण आमच्या मागून येणाऱ्या इतक्या गाड्यांतून कितीतरी जणांकडे तो असणारच ना?

घरी आल्यावर भाच्यानं दाखवलं. गूगल मॅप्सवर रस्ता लावलेला असताना खालची पट्टी बोटानं वर सरकवायची, की अडचण कळवण्याची सोय दिसते. अपघात, वाहनांची कोंडी, रस्त्याचं काम, बंद पडलेलं वाहन, रस्त्यात पडलेली वस्तू, अशी चित्रं असतात. योग्य त्या चित्रावर बोट ठेवलं की झालं. मागून येणाऱ्यांच्या नकाशावर तिथं खूण उमटते. आपल्याकडे २०२४ मध्ये पाणी तुंबलेला रस्ता आणि धुकं कळवायचीही सोय आली. ही कल्पना तशी जुनी. इस्रायलमध्ये निघालेलं वेझ नावाचं ॲप मुळात ह्याच शेजारधर्मावर चालायचं. ते गूगलनं २०१३ मध्ये विकत घेतलं. वेझमध्ये तर खड्ड्याचंसुद्धा वेगळं चित्र आहे. (आपल्याकडे ते बोटाखालून हलणारच नाही म्हणा!)

आता एक-दोन गोष्टी, ज्या मला चुकून चुकून कळल्या. “कळवू का हो?” म्हणून ह्यांना विचारत बसू नका. गाडी असेल तिथं खूण बसते. तुमचं विचारून होईतो दोन किलोमीटर पुढे गेलेल्या असाल. दुसरं, पलीकडच्या बाजूला, समोरून येणाऱ्यांच्या रस्त्यावर काही दिसलं, तर ते आपल्या बाजूवर नोंदवू नका. उगाच लोक चुकीच्या ठिकाणी ब्रेक दाबतात.

आणि कधी कधी फोनच विचारतो, अमुक अडचण अजून आहे का? हा प्रश्न आपण कटकट म्हणून बाजूला सारतो. तसं करू नका. अडचण असेल तर ‘हो’, नसेल तर ‘नाही’. त्या शिळ्या दगडांसारख्या शिळ्या खुणा नकाशावर राहिल्या, तर लोकांचा विश्वासच उडेल. मग खरी सूचनाही कुणी मनावर घेणार नाही.

हे सारं बाजूला बसणारीचं काम, चालवणाऱ्याचं नव्हे. गाडी चालवताना फोन हातात घेणं कायद्यानं गुन्हा आहे. रस्ता बघण्यापुरती मुभा आहे, तीसुद्धा लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. तुम्ही स्वतः चालवत असाल आणि सोबत कुणी नसेल, तर सुरक्षित जागी थांबूनच काय ते करा. स्कूटरवाल्या मैत्रिणींनी तर नक्कीच.

एक गैरसमज माझाही होता, की खूण केली म्हणजे कुणीतरी येऊन दगड उचलेल. तसं नाही हं! ती सूचना फक्त नकाशा बघणाऱ्यांना जाते. राष्ट्रीय महामार्गावरचा अडथळा हटवायचा असेल तर १०३३ ह्या क्रमांकावर फोन करावा लागतो. कुणी जखमी असेल तर ११२. घाटात नेटवर्क जातं, तेव्हा ते येताच आधी फोन करा.

मी हे दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून गाडीच्या खणात, औषधांच्या डबीला रबरबँडनं लावून ठेवलेत. ऐन वेळी आठवत नाहीत.