स्त्रियांमधलं टेस्टोस्टेरॉन: आधी मेथड्स वाचा

'टेस्टोस्टेरॉन कमी, म्हणून बायकांना थकवा' असं सांगणारा पेपर हातात आला, तर निष्कर्षाकडे नंतर या. आधी मेथड्स उघडा. हे हार्मोन स्त्रियांच्या अंडाशयात आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींतही बनतं, पण रक्तातलं प्रमाण पुरुषांच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असू शकतं. नेहमीचे इम्युनोअ‍ॅसे किट पुरुषांच्या पातळीला ठीक चालतात. इतक्या खाली मात्र अँटिबॉडी डीएचईए-सल्फेटसारख्या भाऊबंदांनाही चिकटते आणि आकडा फुगू शकतो. 2003 मध्ये 'क्लिनिकल केमिस्ट्री'त अशा दहा पद्धतींची मास स्पेक्ट्रोमेट्रीशी तुलना छापून आली. सोबतच्या संपादकीयाचा सवालच होता, हे नुसत्या अंदाजापेक्षा बरं आहे का!

मग मूडशी संबंध दिसला नाही, तर तो खरंच नाही की मोजमापातच हरवला? आणि अशाच आकड्यावर एखाद्या बाईला टेस्टोस्टेरॉनचं जेल सुरू होऊ शकतं, हे विसरू नका. 2019 च्या आंतरराष्ट्रीय सहमती-निवेदनात पुराव्याने टिकलेला उपयोग एकच आहे: रजोनिवृत्तीनंतर कामेच्छा घटून तिचा त्रास होत असेल तेव्हा. मूड, थकवा, स्मरणशक्ती यांसाठी पुरावा अपुरा. निदानासाठी रक्तातली ठरावीक सीमारेषाही त्यात नाही. पेपरमध्ये एलसी-एमएस/एमएस वापरलंय का, ते पहिल्यांदा बघा. 'व्यावसायिक किट वापरला' एवढंच लिहिलं असेल, तर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून पुढे वाचा.