मोडलेली घडी बसवताना

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, तेव्हा फुलंब्री तालुक्यातल्या घरांत पेरणीची घाई असते. पाऊस झाला की सरकी लावायची असते, मका पेरायचा असतो. मुलांचे हातही त्यात लागतात. पुढे दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी येते. म्हणजे घरच्या अभ्यासाची घडी मे महिन्याच्या सुट्टीत एकदाच मोडते असे नाही. ती वर्षातून दोन-तीनदा मोडते.

मग काय होते? वर्गात आपण म्हणतो, "सगळं विसरलात!" घरी पालक पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंतचे वेळापत्रक भिंतीवर लावतात. ते चार दिवस चालते. पाचव्या दिवशी पाहुणे येतात किंवा शेतात काम निघते आणि वेळापत्रक कोलमडते. मूल मनाशी ठरवून टाकते की अभ्यास आपल्याला जमत नाही. शाळेपासून दुरावण्याची सुरुवात पुष्कळदा अशाच एखाद्या खंडातून होते. म्हणून खंडानंतर परत कसे यावे, हा प्रश्न फक्त शिस्तीचा नाही. स्मृती, झोप आणि सवय यांबद्दल विज्ञान काय सांगते, तेही पाहायला हवे.

विसरणे म्हणजे पुसले जाणे नव्हे

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. तो निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करी, मध्ये काही काळ जाऊ देई आणि त्याच याद्या पुन्हा पाठ करी. दुसऱ्या वेळी किती वेळ वाचला, ते तो मोजत असे. एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के वेळ वाचला, सहा दिवसांनंतर २५ टक्के आणि महिन्यानंतरही सुमारे २१ टक्के.

यातून दोन गोष्टी कळतात. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो, नंतर तो मंदावतो. आणि जे अजिबात आठवत नाही असे वाटते, तेही पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. हे तर निरर्थक अक्षरांचे झाले. अर्थ समजून शिकलेले याहून चांगले टिकते. जूनमध्ये भागाकार अडला, म्हणजे चौथीचे वर्ष वाया गेले असे नव्हे.

सुट्टीचा परिणाम किती होतो? हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करून १९९६ साली निष्कर्ष मांडला. उन्हाळ्याच्या सुट्टीत सरासरी सुमारे एका महिन्याच्या शिक्षणाइतकी घट दिसली. आकडेमोड आणि शब्दलेखन यांत ती जास्त होती. नंतरच्या काही अभ्यासांत हे चित्र इतके एकसारखे दिसले नाही. तरी शिक्षकाला एक गोष्ट पटेल. सरावावर टिकणारी कौशल्ये आधी गंजतात. तेव्हा उजळणी सगळ्याच धड्यांची नको, अशा कौशल्यांची आधी हवी.

शरीराचे घड्याळ

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. झोप आणि जाग यांचे वेळापत्रक तो राखतो. माणसात या घड्याळाचे चक्र चोवीस तासांपेक्षा थोडे मोठे असते. सकाळचा उजेड ते रोज जुळवून घेतो. सुट्टीत उशिरा झोपून उशिरा उठले की घड्याळ सहज पुढे सरकते, मागे आणायला मात्र दिवस लागतात. किशोरवयात तर झोपेची वेळ मुळातच उशिराकडे झुकते.

म्हणून आठवीतल्या मुलाला पहिल्याच दिवशी पहाटे उठवून पुस्तक हातात दिले, तर तो पुस्तकापुढे पेंगतो. हा आळस नव्हे. दर दोन दिवसांनी पाव तास लवकर उठवावे, उठल्यावर लगेच अंगणातल्या उजेडात न्यावे आणि रात्री मोबाइल बाजूला ठेवावा.

एक दिवस चुकला तर?

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवय कशी जडते ते पाहिले. लोकांनी रोज एखादी साधी कृती करायची होती, उदाहरणार्थ जेवणासोबत फळ खाणे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. हा अभ्यास मोठ्या माणसांचा आणि खाण्यापिण्याच्या, व्यायामाच्या सवयींचा होता, हे खरे. तरीही खाडा झाला की सगळे संपले, असे मानण्याला त्यात आधार मिळत नाही.

सवयीला घड्याळातल्या वेळेपेक्षा खुणेचा आधार चांगला असतो. "सात वाजता" असे ठरवले, तर गुरांचे पाणी लांबले की वेळ गेली. "सांजेला हातपाय धुतल्यावर" असे ठरवले, तर वेणीच्या हंगामातही ती खूण चुकत नाही.

पहिले दोन आठवडे

सुरुवात वीस मिनिटांनी करावी. त्यात नवे काही नको. वही मिटून मागचे आठवून सांगायचे किंवा लिहायचे, मग वही उघडून तपासायचे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवले. दुसऱ्या आठवड्यात दहा मिनिटे वाढवावीत आणि नवा धडा घ्यावा. कामाच्या दिवसांसाठी एक लहान पाठ आधीच ठरवून ठेवावा, पाच उदाहरणे किंवा एक पान वाचन. तेवढे झाले तरी दिवस पदरात पडला.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा घर हीच शाळा झाली. त्यानंतर राज्यात १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला गेला. नव्या इयत्तेकडे जाण्याआधी मागच्या इयत्तेतले आवश्यक तेवढे पक्के करायचे, ही त्यातली कल्पना दर जूनलाही लागू पडते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत घरीच शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना तर आपला सेतू स्वतःच बांधावा लागतो.

वर्गात करून पाहा

"टुग, नेफ, खिब" अशा बारा निरर्थक शब्दांची यादी मुलांनी स्वतः तयार करावी. न चुकता म्हणता येईपर्यंत लागलेला वेळ मोजून लिहावा. आठवड्याने आधी किती आठवते ते पाहावे, मग यादी पुन्हा पाठ करून वेळ मोजावा. दोन्ही वेळांची वजाबाकी फळ्यावर मांडावी. आठवत काहीच नव्हते, तरी वेळ कमी लागला, असे अनेकांच्या वहीत दिसेल. वेचणीहून परतलेल्या मुलाला आपण "सगळं विसरलास" म्हणण्याऐवजी ही वजाबाकी दाखवली, तर पुन्हा पुस्तक उघडायला त्याला थोडा धीर येईल.