माशांची काचपेटी आणि वीज

पाण्यानें आग विझते, ही आमची जुनी समजूत. दिवाणखान्यांत माशांची काचपेटी आली आणि पाणीच आगीस वाट करून देतें, हें गेल्या वर्षीं आम्हांस कळलें. पंपाच्या तारेवरून ओघळलेलें पाणी भिंतींतील सॉकेटांत उतरलें, प्लग काळा पडला व घरभर जळका वास सुटला. मुलें तेथेंच खेळत होतीं! आतां तार सॉकेटाच्याहि खालीं झोळासारखी लोंबती सोडून मग वर नेली आहे. थेंब झोळाशींच गळून पडतो.

पाणी बदलतांना हीटर अगोदर बंद करून निवूं द्यावा. उघडा पडलेला तापता हीटर तडकतो, प्रसंगीं आगहि लावतो. पेटींत हात घालण्यापूर्वीं सर्वच प्लग काढावे.

"आमच्याकडे फ्यूज आहे," असें पुष्कळ गृहस्थ सांगतात. फ्यूज तारेचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. ५ अँपिअरच्या फ्यूजला जें जाणवतहि नाहीं, त्या एक दशांश अँपिअरनें माणसाचा प्राण जाऊं शकतो. म्हणून ३० मिलिअँपिअरची गळती होतांच वीज तोडणारा आरसीसीबी जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावा. त्यावरील चांचणीचें बटन अधूनमधून दाबून पाहावें लागतें. आमच्याकडे तें काम नातीनें मागून घेतलें आहे.