पथक तेच, प्रमुख नवा

नागपूरकरांना वायुसेनानगर परिचयाचे आहे. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय तेथेच. परंतु स्क्वॉड्रनचा, म्हणजे विमानांच्या पथकाचा, प्रमुख बदलतो तेव्हा नेमके काय बदलते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. हवाई दलाच्या क्रमांक १ च्या पथकाची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

१ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे हे पथक उभे राहिले. चार वापिती विमाने, पाच हिंदी वैमानिक आणि प्रमुख मात्र इंग्रज, सेसिल बाउचिअर. हिंदी माणूस विमान चालवील, पण पथक चालवील काय, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर मिळण्यास सहा वर्षे लागली. मार्च १९३९ मध्ये त्या पाचांपैकीच सुब्रतो मुखर्जी पथकाचे प्रमुख झाले. (पुढे १ एप्रिल १९५४ रोजी, पथकाच्या एकविसाव्या वाढदिवशी, ते हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.)

१९४२ साली ब्रह्मदेशात पथकाची धुरा करुण कृष्ण मजुमदार यांच्याकडे होती. हाताशी लायसँडर विमाने. ती मुळात टेहळणीची, संथ. त्यांना बॉम्ब लावून शत्रूच्या विमानतळावर हल्ला करावयाचे ठरले. पहिल्या खेपेस बॉम्ब घेऊन मजुमदार एकटेच गेले, सोबत संरक्षणाला दोन लढाऊ विमाने. दुसऱ्या दिवशी सारे पथक त्यांच्यामागून गेले. पायदळाचा सेनापती मागे राहून हुकूम देऊ शकतो. पथकाच्या प्रमुखाला स्वतः उडावे लागते, आणि बहुधा सर्वांच्या पुढे. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जनसिंग यांनी हेच पथक हरिकेन विमानांनिशी लढविले.

फाळणीत ही साखळी तुटली. पथकाची सामग्री पाकिस्तानच्या वाट्याला गेली. १९५३ साली आपल्याकडील क्रमांक १५ च्या पथकाला ‘१’ हा आकडा देण्यात आला. माणसे निराळी, विमाने निराळी. तरी परंपरा आकड्याबरोबर आली, ती कशी हे सांगणे कठीण आहे. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोध्यावर पहिला हल्ला झाला, तेव्हा प्रमुख विंग कमांडर ओमप्रकाश तनेजा स्वतःच मिस्टिअर विमानांच्या अग्रभागी होते.

आज त्याच क्रमांकाखाली ग्वाल्हेरला मिराज विमाने उडतात.