अकरा पॉइंट झिरो फाइव्ह नाइन टू

९६०० बॉडवर चिप शहाण्यासारखी बोलत होती. वेग वाढवून ११५२०० केला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, मधूनच एखादं ओळखीचं अक्षर. ग्राउंडची वायर जोडलेली होती (निम्म्या वेळा तीच विसरलेली असते). आरएक्स-टीएक्स उलटे असते तर काहीच आलं नसतं. मग हा कचरा कुठून?

ब्रेडबोर्डवर एटीमेगा ३२८पी होती, अर्डुइनो उनोवर असते तीच. फक्त मी क्रिस्टल लावायचा कंटाळा केला होता आणि चिपच्या पोटातल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर भागवलं होतं.

गंमत अशी, की या संभाषणात ठेका धरणारी तारच नसते. पाठवणारा प्रत्येक बिट ठरावीक वेळ धरून ठेवतो, ९६०० बॉडला १०४ मायक्रोसेकंद. तो संपला कधी, हे घेणारा स्वतःच्या घड्याळावर ठरवतो. आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत.

तरी जमतं. रिकामी तार ‘वर’ असते. ती खाली पडली की अक्षर सुरू झालं. त्या क्षणी घेणारा मोजणी शून्यापासून धरतो, दीड बिट थांबतो आणि पहिला बिट बरोबर मध्यावर वाचतो. मग एकेका बिटाच्या अंतराने पुढचे सात. शेवटी स्टॉप बिट, की मागचं सगळं माफ! पुढच्या अक्षराला पुन्हा श्रीगणेशा. म्हणजे दोन घड्याळांनी जन्मभर नाही, एका वेळी फक्त दहा बिट जमवून घ्यायचं. स्टॉप बिटाच्या मध्यापर्यंत साडेनऊ बिट होतात; तिथवर अर्ध्या बिटाची घसरण चालते. अर्धा भागिले साडेनऊ, सुमारे सव्वापाच टक्के. एवढी ढिलाई असूनही अक्षरं शाबूत पोचतात, याचं मला अजून नवल वाटतं. टेलिप्रिंटरच्या काळापासून हीच युक्ती चालत आली आहे. ‘बॉड’ हे नावसुद्धा एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र अभियंत्याचं.

आता माझा हिशेब. चिप आपल्या घड्याळाला पूर्णांकानेच भागू शकते. ८ मेगाहर्ट्झमधून ९६०० जवळपास नेमका निघतो, पण ११५२०० मागितला तर हाती येतो एक लाख अकरा हजार एकशे अकरा. साडेतीन टक्के इथेच गेले. उरलेलं घड्याळाने खाल्लं; कारखान्यातून येताना त्याला दहा टक्क्यांपर्यंत चुकायची मुभा असते.

ते तपासायला मी ९६०० बॉडवर इंग्रजी कॅपिटल ‘यू’ अखंड पाठवत राहिलो. त्याचे बिट स्टार्ट-स्टॉपसकट एकाआड एक वर-खाली होतात, त्यामुळे तारेवर चोख चौकोनी लाट उमटते. मल्टिमीटरने ४८०० हर्ट्झच्या आसपास दाखवायला हवं होतं. दाखवले ४७१०. दोन टक्के मागे. साडेतीन आणि दोन, साडेपाच!

कॉलेजच्या ८०५१ च्या लॅबमध्ये प्रत्येक बोर्डावर ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असायचा. सरळ १२ का नाही, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. लॅमिंग्टन रोडवरून तोच आणला, लावला, कचरा थांबला. कागद घ्या आणि ११०५९२०० ला आधी १६ ने, मग ६ ने भागून पाहा.