वजरी कुठे मिळते?

चाळीसगावच्या बाजारात टाचा घासायची वजरी घ्यायची, तर शिरायचं कोणत्या दुकानात, इथूनच अडचण सुरू होते. भांड्यांच्या दुकानात स्टील असतं, पितळ असतं ते पूजेपुरतं. जनरल स्टोअरमध्ये प्लास्टिकच्या मुठीची खरखरीत पट्टी नाहीतर कृत्रिम दगडाची वडी हातात येते. मेडिकलवाला भेगांच्या मलमाची ट्यूब काढून देतो. वजरी म्हणजे काय, हे तरुण दुकानदाराला समजावूनच सांगावं लागतं. जे कोणी मागत नाही ते दुकानात नसतं, म्हणजे गरजच संपली, असं यावर कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. गरज जिथल्या तिथे आहे. ओताऱ्याच्या भट्टीपासून घरातल्या न्हाणीपर्यंतची वाट तेवढी मोडली आहे.

गरज पाहायची तर कपाशीच्या शेतात वेचणीला गेलेल्या बाईच्या टाचा पाहाव्यात. तळपायाच्या कातडीत तैलग्रंथी नसतात, त्यामुळे तिला आतून तेल मिळत नाही. टाचेच्या कडेची चामडी घट्ट आणि जाड होत जाते. पाऊल टेकलं की अंगाच्या भारानं टाच बाजूंना पसरते, मागून उघडी चप्पल तिला आवरत नाही, आणि ताणलेली कोरडी चामडी फाटते. खानदेशचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना टेकतो, त्यानंतर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, आणि वेचणीच्या दिवसांत कोरडी थंडी. यातला एकही काळ टाचांना सोसवणारा नाही.

वजरी नेमकी ती मेलेली, जाड चामडी काढते. पितळी वजरीच्या तळावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते. मेणाचा नमुना करतानाच ती कोरलेली असते, म्हणून ओतल्यावर प्रत्येक चौकटीला बारीक कड येते. वर धरायला पोपट, हत्ती, मोर. काहींच्या पोकळ पोटात खडे असतात, घासताना ते खुळखुळतात. पायाला लागणाऱ्या वस्तूवर कारागिरानं एवढा जीव लावावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. ज्यांना पितळ परवडलं नाही त्यांनी भाजलेल्या मातीची वजरी घेतली, नाहीतर न्हाणीतल्या खरबरीत दगडावरच टाच घासली. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांची भोकं राहिलेला तसा दगड सातमाळ्याच्या पायथ्याला दुर्मीळ नाही.

मग ती गेली कशी? एक तर पितळ वजनावर विकलं जातं. घरात स्टील आलं तेव्हा घागरी-पराती मोडीत गेल्या, त्यांच्याबरोबर वजरीही गेली. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पाटावर बसून आंघोळ करणाऱ्याची टाच आपोआप हाताशी येते. फरशीच्या मोरीत नळाखाली उभं राहिल्यावर वाकावं लागतं, आणि आखूड मुठीची वजरी निरुपयोगी वाटू लागते. वस्तूत काही खोट नव्हती, अंघोळीची बैठक बदलली. काही वजऱ्या तरी मोडीतून वाचल्या. संग्राहक दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाला दिलेल्या त्यांच्या संग्रहात, पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात, वजऱ्या आहेत. त्या वाचल्या हे मोठं काम झालं, पण काचेमागची वजरी वेचणीवालीच्या टाचेला उपयोगी नाही.

मलम असताना घासायचं कशाला, हा आक्षेप वाजवी आहे. युरियाचं मलम चामडी मऊ करतंच. पण जाड थर आधी उतरवला तर ते लवकर मुरतं, आणि पुन्हा पुन्हा ट्यूब विकत घेणं सगळ्यांना जमत नाही. प्लास्टिकची पट्टी स्वस्त आहे खरी, पण तिचा खरखरीत कागद पाण्यानं सुटतो. मधुमेहाचा आक्षेप मात्र मी पूर्णपणे मान्य करते. पायाची संवेदना गेलेल्या माणसानं वजरी, दगड, पट्टी यांतलं काहीच स्वतःहून वापरू नये. जखम कळत नाही आणि चिघळते. भेगेतून रक्त येत असेल तेव्हाही घासू नये. एकच वजरी घरभर फिरवली तर बुरशीही फिरते; त्या बाबतीत पितळ बरं, ते उकळता येतं.

कोणी ओतारी पुन्हा वजरी घडवणार असेल तर मूठ लांब करावी, म्हणजे उभ्यानं किंवा स्टुलावर बसून टाच गाठता येईल. जाळीच्या कडा बोटाला खरखरीत लागाव्यात, टोचू नयेत. आणि दुकानदारानं ती देवाच्या पितळाशेजारी न ठेवता साबणाच्या फळीवर ठेवावी. ज्यांना ती लागते त्या बाया तिथेच थांबतात.