शितावरून भाताची परीक्षा

नवा खेळ विकत घेण्यापूर्वी त्याची चव कळावी म्हणून निर्माते त्याचा छोटासा भाग मोफत देतात. त्यास 'डेमो' म्हणतात. ही वानगी कितपत विश्वसनीय असते, हे आपण एका उदाहरणावरून पाहू.

निंटेंडो या जपानी कंपनीने सप्टेंबर २०१४ मध्ये 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या झुंजीच्या खेळाचा डेमो 'थ्रीडीएस' या हातात धरावयाच्या यंत्रासाठी दिला. चाळीसांहून अधिक योद्ध्यांपैकी त्यात पाचच होते, रिंगण एक आणि झुंज दोन मिनिटांची. या खेळात मार खाल्ल्याने इजेचा टक्का वाढतो. टक्का जितका अधिक, तितका योद्धा दूर फेकला जातो.

खेळणाऱ्यांस प्रथम जाणवली ती गती. सेकंदास ६० चित्रे दिसत असल्याने हालचाल सफाईदार भासे. परंतु योद्धे पांगले की दृश्य मागे सरे आणि ते चिमुकले दिसत. ते ओळखू यावेत म्हणूनच आकृतींभोवती ठळक रेघ योजिली होती. अंगठ्याने सरकवावयाची गोल कळ जोर लावल्याने निखळल्याच्या तक्रारीही झाल्या.

पडदा व कळ यांविषयी डेमोने खरेच सांगितले. मात्र उरलेले योद्धे तुल्यबळ आहेत काय, महिन्याभराने गोडी टिकेल काय, हे त्यावरून कळणे शक्य नव्हते. शितावरून भात शिजला की नाही एवढे समजते. पंगतीची रंगत समजत नाही. म्हणून वानगी जरूर चाखावी. पैसे मात्र विचार करूनच खर्चावेत, असे आम्हांस वाटते.